आईची फाईल

आईचा चष्मा अजून कीबोर्डशेजारीच होता. तिच्या आठवणी निसटायला लागल्या, तेव्हा लेकीने तिच्यासाठी पर्ल या संगणकभाषेत छोटासा प्रोग्राम लिहिला होता. आई रोज सकाळी आठवेल ते टाइप करायची आणि प्रोग्राम ते फाईलमध्ये साठवायचा.

आई गेल्यावर आज लेकीने ती फाईल पहिल्यांदाच उघडली. आत फक्त दोन ओळी होत्या.

“बाकीचं कुठाय गं, ताई?” भावाने विचारलं.

तिने प्रोग्राम वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “जुन्याखाली नवीन जोड, एवढं त्याला सांगायचं राहिलं रे माझ्याकडून. तो रोज आधीचं सगळं पुसून मग लिहीत होता.”

भाऊ पडद्याकडे वाकला आणि वाचू लागला.

‘आज काहीच आठवत नाही. पण काळजी नाही, पोरीनं सगळं जपून ठेवलंय.’