मटकीएवढं भावंड

कल्पना करा हं मुलांनो, तुमचं भावंड मटकीच्या दाण्याएवढं आहे! आठ वर्षांच्या शाल्मलीचं तेवढंच होतं, आईच्या पोटात. दोघांचे गर्भ दवाखान्यात एकाच दिवशी तयार झाले होते. शाल्मलीला लगेच आईच्या पोटात ठेवलं. याला मात्र नऊ वर्षं बर्फाहून गार पेटीत ठेवलं आणि आत्ता कुठे आईच्या पोटात.

“शाल्मलीच्या वेळी एवढ्या दिवसांत बाळ याहून मोठं होतं हो,” सोनोग्राफी झाल्यावर आई रडवेली झाली.

“आठवडाभर वाट पाहू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शाल्मलीला मात्र कोडं उलगडलं. फ्रिजातल्या मटकीला कधी मोड येतात का? “आई, गारठलंय गं ते!” घरी येताच तिने आजोबांचा लोकरीचा मफलर आईच्या पोटाला बांधला. आई हसली, पण तिने तो सोडला नाही.

पुढच्या खेपेला पडद्यावर इवलासा ठिपका लुकलुकला. “ठोके छान! वाढही अगदी वेळेवर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आईने डोळे पुसले.

“म्हणजे मोड आले?” शाल्मलीने विचारलं.

“आले गं बाई!”

“मग आता जागा लागेल त्याला,” म्हणत शाल्मलीने मफलर पुन्हा बांधला, पण या वेळी गाठ सैल ठेवली.