हिरवा दिवा

“दिवा कोणता लागलाय?” हैदराबादहून मयूर फोनवर खेकसला.

“हिरवा,” टेबलावरच्या कांद्यांकडे बघत सहादू म्हणाले.

“मग चित्र का येत नाही? केबल नीट खोचली का?”

“खोचली.”

“मागच्या रविवारीही हेच सांगितलंत.”

“मागच्या रविवारीपण खोचलीच होती. आता दर रविवारी नवी आणून खोचू का?”

टेबलावर कांदेच होते. कॉम्प्युटर नव्हता. तो संक्रांतीपासूनच नव्हता, आणि हे मयूरला कळता कामा नये, एवढ्या एका गोष्टीवर सहादूंचा जीव टांगलेला होता.

बापलेकाचं पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. मयूर घरी असताना एकदा त्याचा गेम ऐन रंगात आला होता आणि सहादूंनी प्लग उपटला. पोरानं त्याच दिवशी बॅग भरली. “या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही,” म्हणाला. कॉम्प्युटर जड, तो गंगापूर रोडच्या या फ्लॅटमध्येच राहिला. हातात मावणारा छोटा कन्सोल तेवढा त्यानं नेला. गेम चालायचा नाशिकच्या कॉम्प्युटरवर, चित्र इंटरनेटवरून जायचं त्या कन्सोलवर. निघताना त्याच्या आईनं, लंकाबाईंनी, कन्सोलला काळा दोरा बांधला. पोराला नाही तर निदान त्याच्या खेळण्याला तरी दृष्ट लागू नये म्हणून.

लंकाबाई होत्या तोवर मयूरचे फोन त्यांना यायचे. त्या गेल्या आणि फोन यायला एकच कारण उरलं. खेळ अडकला की कॉम्प्युटर बंद-चालू करायला घरात सहादूंशिवाय कोणी नव्हतं. शिव्याशाप खात, देत, म्हातारा केबल, दिवे, आकडे सगळं शिकला.

आणि मग ऐन संक्रांतीला, जगानं गोड बोलायच्या दिवशी, मयूर म्हणाला, “तुम्हाला साधं बटण दाबता येत नाही. आईला येत होतं.”

सहादूंचं डोकंच फिरलं. खाली भंगारवाला ओरडत चालला होता. त्याला वर बोलावून त्यांनी कॉम्प्युटर उचलून दिला. हातगाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत राग उतरला, पण खाली धावून उपयोग झाला नाही.

पुढच्या रविवारी फोन वाजला. खरं सांगितलं असतं तर तो शेवटचाच फोन ठरला असता. “दिवा हिरवा आहे,” असं सहादूंनी ठोकून दिलं. तेव्हापासून रविवारचे फोन जास्त जास्त वेळ चालू लागले. मुळात नाही ते दुरुस्त तरी कसं होणार?

“मी चार आकडे सांगतो, ते टाका,” मयूर आता म्हणत होता. “सात, शून्य, चार, दोन.”

सहादूंनी टेबलावर बोटानं चार वेळा टकटक केलं. “टाकले.”

“काही होत नाही. नक्की काय टाकलंत?”

“तुझं नशीब टाकलं! आधी तुझ्या हातातलं यंत्र बघ. खोट तिकडंच असंल.”

पलीकडे मयूर उगाच खाकरला.

“माझ्याकडचं सगळं नीट आहे,” मयूर म्हणाला. “तुम्हीच धांदरट.”

“लय शहाणा झालास. भाऊबीजेला घोटीपर्यंत आलास, बहिणीच्या हातचं जेवलास, अन् इथवर यायला पाय मोडले होते?”

“कॉम्प्युटरचं बोला, अण्णा.”

“त्याचंच बोलतोय!”

दार लोटून लेक पायल आत आली. एक वस्तू नाशिकला दुरुस्तीला टाकायची आहे म्हणून ती आज घोटीहून येणार होती, पण इतक्या लवकर येईल असं सहादूंना वाटलं नव्हतं. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. पायल खोलीच्या दारातच थांबली आणि कधी बापाकडे, कधी कांद्यांकडे बघत राहिली.

“एवढंच असंल तर तुझ्या त्या दोस्ताला पाठव, लखनला. तो लावून देईल,” सहादू रागाच्या भरात बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. लखन खालच्याच गल्लीत राहायचा. हाक मारली तर लगेच आला असता.

“लखन नको,” मयूर घाईनं म्हणाला. “तुम्हीच करा. पुढच्या रविवारी पुन्हा बघू.”

सहादूंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

“आणि बीपीची गोळी घेऊन बसत जा. हात थरथरतो, म्हणून आकडे चुकतात.”

“माझा हात मी बघतो. तू नको शिकवू.”

फोन बंद झाला. पायल आत आली.

“अण्णा, कॉम्प्युटर कुठंय?”

“भंगारात.”

“अहो, मग आत्ता तुम्ही...”

“दादाला सांगशील तर बघ, पायल!” सहादू ओरडले, आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा आवाज चिरकला. “त्याचं माझ्याकडं तेवढंच काम उरलंय गं. तो डबाच घरात नाही हे कळलं, तर तो कशाला फोन करील मला? आपला बाप जिता हाय का मेला, तेही विचारणार नाय तो.”

पायल खाटेवर बसली. मग तिनं पिशवी मांडीवर ओढली, रुमालात गुंडाळलेली दुरुस्तीची वस्तू बाहेर काढली आणि रुमाल सोडून ती कांद्यांमध्ये ठेवली.

छोटासा कन्सोल होता. त्याचा काळा दोरा विटून तपकिरी झाला होता.

“ह्याचं बटण अडकतंय,” ती म्हणाली. “भाऊबीजेला दादानं हाच माझ्या ताटात ओवाळणी म्हणून टाकला.”