बिनक्लचची गाडी

ट्रक पुन्हा पहिल्याच गिअरमध्ये अडकला. इंजिन असं किंचाळत होतं की निम्म्या गास गावाला वाटलं, कुणाच्या तरी वाडीत डुक्कर कापतायत.

"चढ की! चढ!" फ्रेडरिकशेट स्टिअरिंगला समजावत होते.

मागून हिलरीमास्तर सायकलवरून आले, टोपी उचलून शेटना नमस्कार केला आणि पुढे निघून गेले. सायकल पुढे गेल्यावर शेटनी ट्रक थांबवला, दार आपटलं आणि पायीच घरची वाट धरली.

शेजारी बसलेला सॅन्टन खाली उतरला. चौदा वर्षं तो या डिझेल ट्रकचा ड्रायव्हर होता आणि देवळाच्या सणानंतर, फेस्तानंतर, नसणार होता. लढाईनंतर मोडीत निघालेल्या सामानातून शेटनी एक अमेरिकन गिअरबॉक्स मिळवला होता. त्याला क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही. पाय दाबावा, बाकीचं गाडीच बघते. तो ट्रकमध्ये बसवला त्याच दिवशी शेटनी जाहीर केलं की ड्रायव्हर नावाची चैन आता परवडणार नाही. फेस्ताला बँडवाल्यांना सोपाऱ्याहून आणायला ते स्वतः ट्रक नेणार होते.

गाव हबकलं. शेटनी आजवर बैलगाडी दोनदा बावखलात घातली होती. बैलांना पोहता येत होतं म्हणून निभावलं.

एकट्या त्यांच्या बायकोला, रेजिनाला, नवऱ्याचं कौतुक. शेट ट्रक चालवणार म्हटलं की ती मोगऱ्याचा हार घेऊन यायची, बॉनेटच्या कडेच्या झडपेला बांधायची आणि क्रुसाची खूण करायची. आजही तिने तो बांधला होता, आणि ट्रक थांबताच ती धावत आली. "देवाची फुलं आहेत, धुळीत नकोत," म्हणत तिने हार सोडून घेतला. सॅन्टन तेव्हा मागे जाऊन फळीला टेकून रडत होता. तो आल्यावर ती म्हणाली, "जा, दाखवून ये काळूरामला."

सॅन्टनने ट्रक गोखिवऱ्याला नेला. गाडी लोण्यासारखी गेली. दुसरा, तिसरा, चौथा. गिअर कधी चढला हेही कळलं नाही.

काळूराम मेकॅनिक लष्कराच्या वर्कशॉपात वाढलेला. हा गिअरबॉक्स त्यानेच बसवला होता. त्याने इंजिन गरम करून, चालू ठेवून, गजाने तेल पाहिलं. तेल बरोबर. खालचं झाकण काढलं. लोखंडाचा कीस नाही. मग झडप उचलून आतला बारीक रॉड हलवून पाहिला.

"पाय किती दाबलाय ते हा रॉड गिअरबॉक्सला सांगतो. हा निसटला तर गाडी पहिल्यातच बोंबलनार. पन बघ, आकडा जागेवर हाय." रॉडच्या टोकाला वाकवलेल्या तारेचा एवढासा आकडा होता. बसवताना काळूरामने हे सगळं शेटच्या अंगणात अर्धा तास समजावलं होतं. शेट तेव्हा गावकऱ्यांना सलाम करायचा सराव करत होते, आणि चहा घेऊन आलेली रेजिना म्हणाली होती, "एवढ्याशावर एवढी मोठी गाडी? असले आकडे माझ्या केसांतून रोज हरवतात."

"मग दुखणं काय?" सॅन्टनने विचारलं.

"दुखनं गाडीला नाय. कोनाला तरी दुसऱ्याला हाय," काळूराम म्हणाला, आणि त्याने सॅन्टनकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

ट्रक परत आल्यावर शेटनीही तसंच पाहिलं. "तूच काहीतरी करतोस! खिसे दाखव." खिशात तंबाखू, चुन्याची डबी आणि संत अंतोनीचं पदक निघालं. शेटनी पदक दातांनी चावून पाहिलं.

"शेट, या अंतोनीची शपथ."

"शपथ नको. फेस्ताला तू गाडीपासून वीस पावलं लांब उभा राहायचं. गाडी चालली, तर तू त्याच दिवशी घरी. नाही चालली, तर मी जन्मात स्टिअरिंगला हात लावणार नाही आणि तू मरेपर्यंत माझा ड्रायव्हर. बोल!"

सॅन्टनने मान डोलावली. घरी पाच तोंडं होती.

फेस्ताला मिस्सेची प्रार्थना सुटली आणि सगळं गाव देवळासमोर गोळा झालं. सॅन्टन वीस पावलांवर. मास्तरांनी पावलं स्वतः मोजली होती. रेजिना नवी साडी नेसून, अंबाड्यात मोगरा माळून, हार घेऊन आली. हार बांधला, खूण केली, नवऱ्याचा कोट झटकला. शेट चढले. सॅन्टनने मुठीतलं पदक इतकं आवळलं की संत अंतोनी तळहातावर उमटला.

पाय दाबला. ट्रक निघाला. गाव ओरडलं. पोरं मागे धावली.

आणि पोरं पुढे निघून गेली.

ट्रक पहिल्या गिअरमध्ये किंचाळत होता. चिंचेपर्यंत गेल्यावर एक म्हातारी काठी टेकत त्याच्या बरोबरीने चालू लागली आणि तिने शेटना विचारलं, "बाबा, बरं नाय काय रे?"

शेट उतरले. गर्दीकडे न बघता त्यांनी किल्ली सॅन्टनच्या हातात दिली. "जिंकलास. गाडीला तुझीच सवय आहे. घेऊन ये बँडवाले." आणि ते तोंड धुवायला विहिरीकडे गेले. गर्दी हसत त्यांच्यामागे गेली.

सॅन्टन उडी मारून सीटवर बसला. बँडवाले तासाभरापासून सोपाऱ्याच्या स्टेशनवर ताटकळत होते. आज रडायलाही सवड नव्हती. त्याने पदकाचा मुका घेतला. संतांनी ऐकलं होतं!

"थांब, देवाची फुलं," म्हणत रेजिना आली आणि तिने हार सोडला.

सॅन्टन काचेतून बघत होता. तिने विहिरीकडे एकदा नजर टाकली, झडप उचलली, अंबाड्यात बोटं घालून एक आकडा ओढला आणि आत वाकली.

"हं," मोकळे सुटलेले केस मागे सारत ती म्हणाली, "आता कर चालू."