गुप्ततेची तपासणी

अधिकाऱ्याने जिभेला बोट लावलं आणि फाइलचं पान उलटलं.

"इथे राहता हे कोणाकोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही. आईलाही येऊ देत नाही मी."

"शाब्बास!" तिने दिलेल्या बिस्किटाचा चुरा त्याने शर्टावरून तिच्या फरशीवर झटकला.

या माणसाची तिला पहिल्या दिवसापासून किळस यायची. तिच्यावर काय गुदरलं ते पुनर्वसन कार्यालयात याने तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. तिसऱ्यांदा तर चहाचे घुटके घेत, "मग? पुढे?" करत. पण ही खोली पुनर्वसन योजनेतली, आणि ती टिकवायला शेरा याचाच लागायचा. म्हणून तिने बिस्किटांची बशी पुन्हा त्याच्यापुढे सरकवली.

नव्या वस्तीत कोणाला काही कळता कामा नये, असा योजनेचा नियम होता. तिलाही तेवढंच हवं होतं. दोन वर्षं तिने ते जिवापाड सांभाळलं. नाव बदललं, केस कापले, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायचं काम धरलं. मालक येता-जाता खेकसायचा, "भिंगं घासतेस की भांडी?" खालच्या मजल्यावरची वहिनी कपड्यांच्या दोरीवरून रोज कचाकचा भांडायची. ते भांडण तिला मनापासून आवडायचं. तिथे तिची कोणी गय करत नव्हतं.

आज मात्र दोघांनाही काय झालं होतं कोण जाणे. जेवायला घरी आली तेव्हा वहिनीने आपणहून अख्खी दोरी रिकामी करून दिली, आणि मान खाली घालून आत निघून गेली. ती परत दुकानात गेली, तर मालकाने हातातलं भिंग काढून घेतलं. "घरी जा, बाळ. आराम कर." दोन वर्षांत बाळ? म्हाताऱ्याला बरं नसेल, असं म्हणत ती घरी आली, तर दारात हा उभा.

"झालं!" अधिकाऱ्याने पेनाला टोपण लावलं. "गुप्तता शंभर टक्के. आमच्या अख्ख्या कार्यालयात असा निकाल दुसरा नाही."

तिचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे नक्की कोणालाच माहीत नाही ना?"

"अहो, मी काय ऐकीव गोष्टींवर शेरे मारतो? सकाळपासून पायपीट चाललीय." त्याने एक कागद तिच्यापुढे सरकवला. चष्म्याचा दुकानदार, खालची वहिनी, घरमालकीण, दूधवाला, समोरचा शिंपी. पाच जणांच्या पाच सह्या.

"एकेकाला समोर बसवलं," तो छाती फुगवून म्हणाला, "तुमचं सगळं प्रकरण पहिल्यापासून सांगितलं, आणि मग विचारलं, हे तुम्हाला आधी माहीत होतं का? एकालाही नव्हतं!"