दुधाचा हात

हॅलोविनच्या पार्टीसाठी जाऊबाईंनी आणि मी दूध घालून जेली केली, कातडीच्या रंगाची. साचा म्हणून सासूबाईंचा भांडी घासायचा नवाकोरा रबरी हातमोजा. सकाळी कात्रीने मोजा सोलला, तर ताटात मनगटापासून तुटलेला अस्सल हात!

"आधी आईंना दाखवू," जाऊबाई म्हणाल्या. सासूबाईंना हसताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. निदान किंचाळताना तरी पाहू.

ताट फ्रीजमध्ये ठेवून आम्ही दाराआड हसू दाबत उभ्या राहिलो. सासूबाई आल्या, फ्रीज उघडला. किंकाळी नाही. बराच वेळ काहीच नाही. मग धप्प!

धावत गेलो, तर सासूबाई फरशीवर आडव्या, डोळे मिटलेले.

"आई, उठा हो! कुठून दुर्बुद्धी सुचली आम्हाला!" रडकुंडीला आलेल्या जाऊबाईंनी स्वेटरच्या बाहीतून डोकावणारा त्यांचा हात धरून ओढला. हात बर्फासारखा गार होता, आणि तो मनगटापासून निखळून जाऊबाईंच्या हातात आला.

आम्ही दोघी अशा किंचाळलो, की शेजारच्यांनी दार उघडलं.

सासूबाई पोट धरधरून हसत होत्या. डोळे पुसून पुन्हा आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "खोचा तो परत बाहीत, लवकर. तुमचे सासरे आंघोळ करून येतायत."