शिबेशी खाली आला

"शिबेशी खाली आला. तुम्हीही या."

लष्करी ट्रकवरचा भोंगा सकाळपासून एवढंच ओरडत होता. देब्रे सिनाच्या शनिवारच्या बाजारात जव विकायला बसलेल्या तेवाबेचच्या अंगाची लाही लाही होत होती. शिबेशी तिचा एकुलता एक मुलगा. अदिस अबाबा इटालियनांच्या हाती पडल्यापासून तो चाळीस जणांना घेऊन डोंगरावर लढत होता.

पत्रकंही वाटली होती. बायका त्यांत मिरचीपूड बांधून देत होत्या.

"मावशी, खरं असेल का गं?" शेजारी बसलेल्या अत्सेदेनं विचारलं. त्या चाळिसांत तिचे दोन मुलगे होते. "शिबेशीच आला म्हटल्यावर आमचे कशाला थांबतील? आणि मागच्या महिन्यात अभय घेऊन खाली आले, त्यांचं पुलावर काय केलं ते बघितलंच आपण. ओळीनं उभं करून..."

"गप्प बस."

दुपारी इटालियन कप्तानानं त्या माणसालाच ट्रकवर उभं केलं. डोकं तासलेलं, दाढी काढलेली, अंगात नवा कोट, मान खाली.

"शिबेशीची आई कोण?" दुभाष्यानं माइकवरून विचारलं. तो दूर उत्तरेकडचा, इथं कुणालाच ओळखत नव्हता. "पुढे या बाई. सांगा सगळ्यांना, हा तुमचा मुलगा आहे आणि सरकारनं त्याला पोटाशी धरलंय."

तेवाबेच उठली. ट्रकवर चढली. हनुवटीला धरून तिनं त्या माणसाचं तोंड इकडून तिकडे वळवलं, खेचर विकत घेताना बघतात तसं.

"हा कोण?" ती म्हणाली.

"तुमचा मुलगा, बाई. केस कापलेत म्हणून..."

"केस कापले की आईला पोर ओळखू येत नाही, अशी पद्धत तुझ्या गावात असेल. ह्या टोपीत तुझी आई तुला कसं ओळखते रे?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. तिनं माइक हिसकावला.

"माझ्या पोराच्या मानेवर भाजल्याचा एवढा डाग आहे. ही मान बघा, कोरी! माझा शिबेशी डोंगरावर आहे. हा पिठाच्या पोत्यासाठी आलेला भुरटा!"

"खरंय!" लोणीवाला मंगेशा ओरडला. "शिबेशीचं नाक आधी बाजारात यायचं, मागनं शिबेशी!"

"आणि उंची?" अत्सेदेही उठली. "हा त्याच्या खांद्यालासुद्धा लागायचा नाही!"

हशा पिकला. पत्रकांचे बोळे ट्रकवर येऊन आदळू लागले.

"आई," तो माणूस पुटपुटला.

तेवाबेचनं खाडकन त्याच्या मुस्कटात मारली. "आई म्हणायची लाज नाही वाटत?"

कप्तान लालबुंद झाला. तो दुभाष्यावर खेकसला, तसा दुभाष्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कप्तान म्हणतात, हा शिबेशी नसेल तर यानं सरकारला फसवलंय. फसवणाऱ्याला इथंच, समोरच्या झाडाला फाशी. नीट बघा बाई. शेवटचं विचारतोय."

हशा थांबला. तेवाबेचनं नीट बघितलं. तोही आता मान वर करून तिच्याकडे बघत होता.

"मग टांगा," ती म्हणाली. "लुच्च्यांना आम्हीही टांगतोच."

टांगलं. ती शेवटपर्यंत तिथंच उभी राहिली. मग भोंगा बंद झाला आणि ट्रक निघून गेला.

तिचं जवाचं पोतं अत्सेदेनं पाठीवर घेतलं. दोघी घरापर्यंतची चढण चढल्या. दाराशी आल्यावर तेवाबेच मटकन खाली बसली.

"अत्सेदे," ती म्हणाली, "ताप होता गं माझ्या पोराला."