तीन शून्यं

"सहा आलेत, मॅडम. म्हणजे सौम्य. इंजेक्शनसाठी किमान सात लागतात," डॉक्टर हर्षल म्हणाले आणि त्यांनी निशाचा रिपोर्ट टेबलावर पुढं सरकवला.

सौम्य! गायत्रीबाईंनी शेजारी बसलेल्या लेकीकडे पाहिलं. एकवीस वर्षांची पोर, वजन छत्तीस किलो. दोन घास वरण-भात खाल्ला की पोट धरून गडाबडा लोळते. आतड्याला जखमा करणाऱ्या या क्रोन आजारावर गोळ्या खाऊन खाऊन दमली बिचारी. आता इंजेक्शनच हवं, आणि ते सरकारी योजनेतून मिळायचं तर दुर्बिणीच्या तपासणीत सात गुण पाहिजेत. हा नियम ज्या कुणी काढला, त्याचं पोट एकदा तरी असं दुखायला हवं होतं.

बाईंनी रिपोर्ट ओढून घेतला. बुऱ्हाणपुरात चोवीस वर्षं गणित शिकवणारी बाई ती; बेरीज दिसली की तपासल्याशिवाय राहवत नाही. आतड्याचे पाच भाग, पाच रकाने. जखमा केवढ्या, किती पसरल्या, वाट किती अरुंद झाली, याचे गुण. पहिल्या भागात शून्य. दुसऱ्यात सहा. पुढं शून्य, शून्य, शून्य.

"या तीन भागांत काहीच नाही?"

"तिथवर दुर्बीण गेलीच नाही ना, मॅडम. दुसऱ्या भागातच वाट इतकी आखडलीय, की नळी पुढं सरकेना."

"म्हणजे पाहिलंच नाही?"

"नाही."

"मग शून्य कुठून आलं?"

"सिस्टीममध्ये रकाना खाली सोडता येत नाही. फॉर्म आगे ही नहीं जाता. सगळेच शून्य टाकतात."

घ्या! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, पोरगं परीक्षेला आलं नाही तर आम्ही गैरहजर लिहितो. शून्य नाही देत. उद्या मी न तपासता पेपरवर शून्य ठेवलं, तर पोरांचे बाप माझ्या दारात येऊन बसतील!"

"आई, हळू बोल ना," निशा पुटपुटली. "बाहर लोग सुन रहे हैं."

"ऐकू दे."

"न पाहिलेली जखम मी कशी लिहू?" आता डॉक्टरही चिडले.

"नका लिहू! पण न पाहता सगळं चांगलं आहे, असं तरी कसं लिहिलंत?"

डॉक्टर तसा माणूस वाईट नव्हता. निशाचा फोन कधी टाळायचा नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "टेन्शन नका घेऊ, मॅडम. तीन महिन्यांनी परत तपासणी करू. तोवर सात होतीलच."

निशानं मान वर केली.

गायत्रीबाईंनी टेबलावरचा एक कोरा कागद उचलून डॉक्टरांसमोर ठेवला. त्यावर त्यांचंच पेन ठेवलं.

"होतीलच ना? मग तेवढंच लिहून द्या, डॉक्टर. औषध नाही दिलं तर तीन महिन्यांत माझी लेक आणखी बिघडणार, हे तुम्हाला आजच ठाऊक आहे. लिहा. आणि खाली सही करा."